एक बोट खाली

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. फादरांनाही नाही — लिहिताना पेन अडतं, पण नाही. दरवर्षी उपवासकाळात मी पापनिवेदनाला जातो, गुडघे टेकतो आणि जाळीपलीकडच्या फादरांकडे तोंड करून म्हणतो, खोटं बोललो. काय खोटं, कोणाशी, ते सांगत नाही. मागे रांग असते, फादरही खोदून विचारत नाहीत. ते प्रार्थना सांगतात, मी म्हणतो, उठतो, बाहेर येऊन स्कूटर सुरू करतो. तेरा वर्षं असंच चाललंय. याला कबुली म्हणायचं का?

गोष्ट माझ्या मुलीच्या उजव्या हाताची आहे. सेलिन तिचं नाव, आता तीस वर्षांची आहे. हाताला काही झालेलं नाही — अपघात नाही, आजार नाही. धडधाकट हात आहे. आणि तो धडधाकट आहे हे तिला माहीत नाही. मला माहीत आहे. खरं तर एवढंच सांगायचं आहे. पण ते कसं झालं हे सांगायचं तर आधी माझ्या धंद्याबद्दल बोलावं लागेल. धंद्याच्या आड लपतोय असं वाटलं तर वाटू द्या. थोडा वेळ लपतोच आहे.

आम्ही वसईकडच्या निर्मळचे. घराला लागून केळीची वाडी, कडेनं मोगरा. वाडी भाऊ बघतो. मला लहानपणापासून वस्तू उघडून बघायची खोड — घड्याळं, कॅमेरे, दुर्बिणी. पुढे सातिवलीत एक गाळा घेऊन दुरुस्तीचं दुकान टाकलं. जमीन मोजणाऱ्यांची यंत्रं यायची, आणि छऱ्याच्या बंदुकांवर बसवायचे स्कोप. नेमबाजीचा नाद असलेली बरीच माणसं आहेत इकडे. शनिवार-रविवारी पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी जमतात, पत्र्याचे पक्षी उभे करून त्यांवर नेम धरतात. त्यांच्या स्कोपचं काम करणारा जवळपास मीच एक होतो.

स्कोप म्हणजे बंदुकीवरची दुर्बीण. डोळा लावला की आत एक बारीक क्रॉस दिसतो. वर एक नॉब असतो, बाजूला एक. नॉब फिरवला की क्लिक-क्लिक होतं, आणि दर क्लिकला क्रॉस ठरावीक अंतर सरकतो. छर्रा जितका लांब जाईल तितका खाली पडत जातो. म्हणून लांबच्या नेमाला वरचा नॉब इतक्या क्लिक चढवायचा, त्याहून लांबच्याला तितक्या. कोणत्या अंतराला किती क्लिक, ते नेमबाज एका कार्डावर लिहून बंदुकीच्या दस्त्याला चिकटवून ठेवतात. सगळा भरवसा एकाच गोष्टीवर — नॉब म्हणतो तेवढाच क्रॉस सरकला पाहिजे.

ते तपासणं हे माझं काम. कसं तपासायचो? स्कोप लोखंडी शिकंज्यात घट्ट पकडायचा. समोरच्या गोदामाच्या भिंतीवर एक काळा ठिपका काढून ठेवला होता, त्यावर क्रॉस आणायचा. मग वर वीस क्लिक, उजवीकडे वीस, खाली वीस, डावीकडे वीस. चौकोन फिरून क्रॉस पुन्हा ठिपक्यावर आला की झालं. आमच्या गाळ्यात त्याला शब्द होता — 'घरी आली'. दुर्बीण घरी आली की मी चिठ्ठीवर 'तपासली' लिहून सही करायचो आणि चिठ्ठी रबरबँडनं स्कोपला अडकवायचो. माझ्या सहीची चिठ्ठी दिसली की क्लबात पुढे कोणी काही विचारत नसे.

मला हे काम ज्यांनी शिकवलं त्या मास्तरांना हा चौकोन पसंत नव्हता. मोजणीच्या यंत्रांत जन्म गेलेले गृहस्थ, आता नाहीत. ते म्हणायचे, "घरी आली हे ठीक आहे रे. पण कुठवर जाऊन आली, ते विचारलंस का तिला?" त्यांची रीत वेगळी होती. टेप धरून भिंतीपर्यंतचं अंतर मोजायचं, पावलांनी नाही. भिंतीवर ओळंबा सोडून उभी रेघ मारायची, तिच्यावर पोलादी पट्टीनं खुणा करायच्या. मग नॉब चढवत जायचा आणि दर दहा क्लिकला क्रॉस आपल्या खुणेवर येतो का ते बघायचं. कारण चौकोन फसवतो. प्रत्येक क्लिक जर आखूड पडत असेल, तर दुर्बीण जाताना जितकी कमी जाते तितकीच परतताना कमी येते — आणि मुकाट घरी येते. पूर्ण फेरी मारून आली असो की अर्ध्यातून, ठिपक्यावर उभी असताना दोन्ही सारख्याच दिसतात.

हे मला ठाऊक होतं. नंतर कळलं, असं नाही. ठाऊक होतं. पण ओळंब्याच्या रीतीला अर्धा दिवस लागतो. मास्तर दुकानावर येत होते तोवर करत होतो. ते यायचे बंद झाले आणि मीही ओळंबा खिळ्याला लावून ठेवला.

आता सेलिनबद्दल.

शेजारच्या बायका दुपारी ओट्यावर बसून मोगऱ्याचे गजरे बांधायच्या. दहा वर्षांची सेलिन त्यांच्यात जाऊन बसायची. कळीला कळी इतकी सारखी लावायची की बायका म्हणायच्या, हिच्या बोटांत फूटपट्टी आहे. नाताळच्या केकवर आयसिंगची नक्षी तीच काढायची, ममीला हात लावू द्यायची नाही. चौदाव्या वर्षी माझ्याबरोबर क्लबात आली आणि बंदूक उचलली. मी शिकवलं असं म्हणणं खोटं होईल. तिनं आडवं पडून श्वास सोडला आणि मारलं, आणि तिथे जमलेले पन्नाशीचे बाप्ये पुढे सरकून बघायला लागले. तीन वर्षांत आमच्या क्लबात तिच्या तोडीचं कोणी राहिलं नाही. सतराव्या वर्षी, अकरावीत असताना, बाहेरगावच्या मोठ्या सामन्यासाठी क्लबातून दोघांची निवड व्हायची होती. एक नाव सेलिनचं असणार, हे सगळे धरूनच चालले होते. तीही धरून चालली होती. न्यायची बॅगसुद्धा ठरली होती — निळी, तिच्या मावशीची.

निवडीच्या आठवडाभर आधी तिच्या स्कोपच्या काचेला बुरशी धरली. आपल्याकडची हवाच तशी. मी दुकानातला दुसरा स्कोप काढला, त्याच बनावटीचा. त्याच्या वरच्या नॉबच्या आतला स्क्रू झिजला होता. तसा स्क्रू माझ्याकडे नव्हता. एका वेगळ्या बनावटीच्या मोडक्या स्कोपमधला काढून बसवला. आटे जवळजवळ सारखे होते. जवळजवळ. मी चौकोन फिरवला. घरी आली.

शनिवारी घरच्या वाडीत, केळीच्या दोन ओळींमधून वीस मीटरवर नेम जुळवून घेतला. वीस मीटरला नॉब चढवावा लागत नाही. पाच छर्रे एका भोकात गेले. मग तिनं विचारलं — आणि हे विचारायला हवं हे तिला सुचलं, सतरा वर्षांच्या पोरीला —

"पपा, कार्ड नव्यानं करू का? स्कोप बदललाय ना."

"क्लिक म्हणजे क्लिक," मी म्हणालो. "मी तपासलाय. जुनंच कार्ड लाव."

तिनं जुनं कार्ड लावलं. मी सांगितल्यावर तिनं दुसऱ्यांदा विचारलं असतं का? ती का विचारेल? मी तिचा पपा होतो, आणि अख्ख्या क्लबात स्कोपच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा होता.

इथवर जे सांगितलं ती चूक आहे. निष्काळजीपणा आहे, आळस आहे, म्हणाल तो शब्द लावा. तेवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. इथे थांबावंसं वाटतं मात्र. चहा करून प्यावासा वाटतो. दोनदा उठलो, दोनदा बसलो.

पत्र्याच्या पक्ष्याच्या पोटात सुपारीएवढं भोक असतं. छर्रा भोकातून गेला की पक्षी मागे पडतो. पत्र्यावर लागला तर पडत नाही, पांढऱ्या रंगावर शिशाचा राखाडी डाग तेवढा उमटतो. प्रत्येक पक्ष्यासाठी पाच छर्रे. एकाचं झालं की कोणीतरी रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन पुढे जातं आणि डाग रंगवून टाकतं, पुढच्याला पक्षी कोरा मिळावा म्हणून. त्या रविवारी, निवडीच्या दिवशी, डबा-ब्रश माझ्याकडे होता.

जवळचे सगळे पक्षी तिनं पहिल्याच छऱ्याला पाडले. मग लांबचे आले. पस्तीस मीटर, चाळीस, पंचेचाळीस. एकही पडला नाही. पाच, पाच आणि पाच. ते पक्षी आंब्याखाली सावलीत होते आणि तिचा स्कोप चारच पटीचा, त्यामुळे डाग कुठे उमटतायत ते तिला तिथून दिसत नव्हतं. ती दर वेळी कार्ड बघायची, नॉब मोजून चढवायची, श्वास सोडायची, मारायची. पत्र्याचा टण् आवाज यायचा आणि पक्षी उभाच. दोरीमागे माणसं कुजबुजायला लागली. क्लबचे सेक्रेटरी, निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे सर म्हणत — ते हसून म्हणाले, "लांबचं आलं की घाबरते बघा. बाप समोर उभा केलाय ना, पोर थरथरणारच." दोघे-तिघे हसले. वाईट मनानं नाही.

मी डबा घेऊन पुढे गेलो. चाळीस मीटरच्या पक्ष्यापाशी पोचलो आणि बघितलं.

पाच डाग. पाचही एकमेकांना चिकटलेले, वर अंगठा ठेवला असता तर झाकले गेले असते. भोकाच्या बरोबर खाली, मधोमध, एक बोट खाली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही.

ज्याचा हात हलतो त्याचे डाग विखुरतात. एक वर, एक बाजूला, एक कुठेच नाही. हे मला शिकवावं लागत नव्हतं. पाच छर्रे एका जागी जातात तेव्हा हात दगडासारखा असतो — चुकलेलं असतं ते दुसरं काहीतरी. काय चुकलंय ते त्याच क्षणी कळलं. स्क्रू. आटे. चढवलेल्या क्लिक आखूड पडल्या होत्या, म्हणून वीस मीटरला काही नाही आणि लांब जावं तसं खाली. पंचेचाळीसच्या पक्ष्याकडे नजर टाकली, तिथे आणखी थोडं खाली. तसेच पाच. तसेच चिकटलेले.

मागून सेलिनचा आवाज आला. "पपा, कुठे लागलेत?"

वळून बघितलं. ती उठून गुडघ्यांवर बसली होती, एका हातात टोपी. तिच्यामागे दोरीला टेकून सात-आठ माणसं. सर होते. त्या प्रत्येकाच्या बंदुकीवर माझी चिठ्ठी अडकवलेली होती, आदल्याच आठवड्यात सरांनी सगळ्यांना सांगितलं होतं, सामन्याआधी ह्यांच्याकडून तपासून घ्या. मी खरं बोललो असतो तर पुढे काय झालं असतं? सामना थांबला असता. तिला दुसऱ्या बंदुकीवर पुन्हा संधी मिळाली असती. आणि कोणीतरी विचारलं असतं, मग आमच्या कशा तपासल्यात? एवढंच. यापलीकडे काही नाही. तुरुंग नव्हता, मारहाण नव्हती. आठ माणसांसमोर थोडं खाली बघावं लागलं असतं.

"विखुरलेत," मी मोठ्यानं म्हणालो. "हात हलतोय तुझा."

आणि ब्रश बुडवून ते पाच डाग रंगवून टाकले. मग शेजारचे. मग तिसऱ्या पक्ष्याचे. पांढरा रंग जाड होता, एका हातात सगळं झाकलं. कोणी पुढे येऊन बघण्याआधी झाकलं. ती पुढे येण्याआधी.

हे ते. हे मी केलं. मी चुकलो असं म्हणत नाही, चूक शनिवारीच झाली होती. रविवारी मी माझ्या मुलीच्या हाताची साक्ष माझ्या हातानं रंगवून टाकली आणि तिला म्हणालो, तुझा हात हलतो.

ती बंदूक पिशवीत भरायला लागली. परत येताना स्कूटरवर मागे बसली होती, बंदुकीची लांब पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाली, मला हलल्यासारखं जाणवलं नाही. मी म्हटलं, ज्याचा हलतो त्याला जाणवत नाही.

तेही म्हटलं मी. ते तर कोणी विचारलंही नव्हतं.

सोमवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं, खिळ्यावरचा ओळंबा काढला. टेप धरला, रेघ मारली, खुणा केल्या. नॉब चाळीस क्लिक चढवला. क्रॉस बत्तिसाच्या खुणेवर उभा होता. पुन्हा केलं. बत्तीस. खाली आणला तर ठिपक्यावर, केसाइतकाही फरक नाही. मी तिथे स्टुलावर बसून राहिलो. मग स्क्रू बदलला. योग्य तो, मागवून. घरी आणून बंदुकीवर स्कोप बसवला आणि गप्प राहिलो. मनात काय होतं सांगू? वाटलं, ती पुन्हा मारेल, पक्षी पडतील, आपोआप मिटेल, मला तोंड उघडावं लागणार नाही. मी रोज संध्याकाळी कपाटाकडे बघायचो. तिनं बंदूक परत काढलीच नाही. वर्षभरानं तिच्या ममीनं ती कोणाला तरी देऊन टाकली.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या दोघी. डोळे ठीक निघाले. दुसऱ्या डॉक्टरांनी हात पुढे करायला लावला, बोटं पसरायला लावली, म्हणाले काही नाही, ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. तीन महिने गोळ्या खाल्ल्या तिनं. मी सातिवलीहून येताना आणायचो. औषधाच्या दुकानात उभा राहून नाव वाचून दाखवायचो आणि गोळ्या आणायचो — नसलेल्या आजाराच्या, ज्याचं नाव मी ठेवलं होतं.

हळूहळू ती चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागली. नाताळात आयसिंगची पिशवी ममीच्या हातात दिली, माझ्यानं वाकडं होईल म्हणाली. ओट्यावरच्या बायकांनी बोलावलं तर हसून नाही म्हणायची. आणि खरंच हलायला लागला होता का तिचा हात? कधी कधी मला वाटायचं, हलतोय. असा भास व्हायचा मला. बघा, मीसुद्धा स्वतःच्या थापेवर विश्वास ठेवायला तयार होतो, सुटायला मिळालं असतं तर.

मग बारावीचा निकाल लागला. चांगले गुण होते. आठवीत असताना तिच्या वाकड्या दातांना तारा लावल्या होत्या, तेव्हापासून तिला दातांची डॉक्टर व्हायचं होतं. ते बारीक आरसे, बारीक हत्यारं — तासन्‌तास बोलायची त्यावर. प्रवेशाचा अर्ज घरात आला होता. तो दोन दिवस टेबलावर तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवत होतो. ममी म्हणाली, अर्ज भरत का नाहीस? सेलिन भात कालवत राहिली. ममी म्हणाली, पपाला विचार, हाताच्या कामातलं त्याला कळतं.

सेलिननं माझ्याकडे बघितलं. "दातांच्या डॉक्टरचा हात हलून कसं चालेल, पपा?"

हा प्रश्न होता. ती सांगत नव्हती, विचारत होती. तिला माझ्याकडून एक वाक्य हवं होतं, आणि ते वाक्य जगात फक्त माझ्याकडेच होतं. मी बांगड्याचा काटा काढत होतो. काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. म्हणालो, "तुझं तू ठरव."

तिनं ठरवलं. कॉमर्सला गेली. आता वसईत एका शाळेच्या ऑफिसात आहे, काम चोख करते, लग्न झालं, जावई चांगला आहे. तिला दुःखी म्हणता येणार नाही. हे मी स्वतःला कितीदा ऐकवलंय! पण त्या दुपारचं काय करू? रविवारी मैदानावर मी घाबरलो, ते एका क्षणाचं होतं. त्या दुपारी माझ्याकडे अख्खं जेवण होतं. त्यानंतर अर्ज भरायला आठ दिवस होते. रोज सकाळी मी उठलो, दात घासले आणि गप्प राहिलो.

मग आत्ताच का सांगतोय? गेल्या रविवारी चर्चमधून, मिस्सा आटोपून सेलिन घरी आली, बरोबर तिची मुलगी इवा. इवा पाच वर्षांची आहे. जमिनीवर बसून मासा रंगवत होती, रंग रेघेबाहेर गेला. त्या वयात सगळ्यांचाच जातो. सेलिन हसून इवाच्या आजीला म्हणाली, "माझ्यावर गेलीय. हिचाही हात हलतो. रक्तातच आहे आमच्या." आजीही हसली. इवानं खडू खाली ठेवला आणि स्वतःचा हात उलटा-सुलटा करून बघितला.

मी वाडीत निघून गेलो. कुठे उभा होतो ते आठवत नाही. भाऊ केळीच्या घडांना पोती गुंडाळत होता, त्यानं विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, ऊन लागलं. ऊन नव्हतं.

*

इथवर लिहून कागद कपाटात कपड्यांखाली ठेवले होते. आज नऊ दिवसांनी पुढे लिहितोय. पहिली ओळ आता खोटी झाली. खोडत नाही.

मधल्या रविवारी मी सेलिनला सांगितलं.

ममी इवाला घेऊन मोगरा खुडायला गेली होती. आम्ही दोघं ओट्यावर. मी सुरुवात चौकोनापासून केली. ती म्हणाली, पपा, मला चौकोन माहीत आहे, पुढे बोल. मग स्क्रू सांगितला. मग डबा आणि ब्रश. मध्येच मी थांबलो तर ती उठून पाणी घेऊन आली. तिला अजून कळलं नव्हतं मी कुठे चाललोय, म्हणून आणलं. मी प्यालो आणि उरलेलं सांगितलं. डाग विखुरलेले नव्हते. पाचही एका जागी होते.

"किती खाली?" तिनं विचारलं.

"चाळीसला एक बोट."

ती मनातल्या मनात काहीतरी हिशेब करत असावी. ओठ हलत होते. तेरा वर्षांपूर्वीचं कार्ड तिला पाठ होतं. मग म्हणाली, "सात क्लिक कमी." मी मान हलवली.

वाडीतून इवाचा आवाज येत होता, कळ्या मोजत होती, बारानंतर पुन्हा एकवर येत होती.

"अर्ज आला होता," सेलिन म्हणाली. "तेव्हा माहीत होतं तुला?"

"हो."

"मी विचारलं तेव्हा? जेवताना?"

"हो."

ती रडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल, मी त्याची तयारी करून आलो होतो. तिनं उजवा हात सरळ पुढे धरला, तळवा खाली, बोटं पसरून, त्या डॉक्टरांनी धरायला लावला होता तसा, आणि त्याच्याकडे बघत राहिली. बोटांची टोकं थरथरत होती. मग अख्खा पंजा. ती तो थांबवू बघत होती आणि तो थांबत नव्हता.

"बघ," ती म्हणाली, "आता हलतोय."

मी बघितलं. या वेळी खरंच हलत होता.